बारकूचं पिकअप

चिंचाळवाडी नावाच्या गावात एक भोळा गडी राहत होता. नाव बारकू. नाव ठेवलं तेव्हा तो बारका असेलही. पुढे तो इतका वाढला, की देवळात शिरताना त्याला वाकावं लागे आणि बाहेर पडताना तो वाकायचं विसरे. त्याच्या कपाळाला काही झालं नाही. देवळाची चौकट मात्र दोनदा बदलावी लागली.

बारकू आळशी नव्हता आणि लबाड तर मुळीच नव्हता. सांगितलेलं काम तो लगेच करायचा. अडचण एवढीच, की तो सांगितलेलंच करायचा. 'दुधाकडे बघ' म्हटलं, तर दूध उतू जाईपर्यंत, उतू जाताना आणि उतू गेल्यावरही तो दुधाकडे बघत राही.

तो दिनकरराव जाचकांकडे कामाला होता. दिनकररावांच्या बायकोचं नाव मधुरा. ती पुण्याची. गावात सगळे तिला वहिनी म्हणत. स्वभावानं वहिनी सोन्यासारखी, पण तिच्या बोलण्यात मध्येच एखादा इंग्रजी शब्द येई, जसा भातात खडा येतो तसा. बाकीचे लोक तो खडा बाजूला काढून भात खात. बारकू खडाच चावत बसे.

त्या वर्षी घरात लग्न ठरलं होतं. दिनकररावांची धाकटी बहीण वैजू. तिची आधी दोन लग्नं ठरून अगदी शेवटच्या आठवड्यात मोडली होती. पहिल्या मुलाला परदेश आठवला, दुसऱ्याला दुसरी मुलगी आठवली. आता शिंत्र्यांच्या प्रल्हादशी जमलं होतं. मुलगा पोस्टात होता, शांत होता, आणि त्याला काही आठवण्याच्या आत लग्न उरकावं असं घरातल्या सगळ्यांना वाटत होतं. बारकूलाही वाटत होतं. वैजू त्याला कधी हसायची नाही, म्हणून त्याचा तिच्यावर फार जीव.

लग्नाच्या तयारीला हातभार लावायला पुण्याहून वहिनीच्या कमलआत्या येणार होत्या.

"बारकू," वहिनी म्हणाली, "स्टँडवरून आत्यांना पिकअप कर."

"होय वहिनी," बारकू म्हणाला आणि निघाला.

अर्ध्या वाटेत त्याच्या लक्षात आलं, की पिकअप म्हणजे काय ते आपल्याला माहीत नाही. पारावर पोतनीस मास्तर पेपर वाचत बसले होते. बारकूनं विचारलं, "मास्तर, पिकअप म्हणजे काय हो?"

मास्तरांनी पेपरातून डोकं वर काढलं नाही. म्हणाले, "पिक म्हणजे उचल. अप म्हणजे वर. वर उचल."

"समजलं," बारकू म्हणाला.

स्टँडवर कमलआत्या उभ्या होत्या. कडक इस्त्रीची साडी, हातात पर्स, पायाशी दोन बॅगा. अंगानं भरभक्कम.

"मधुरावहिनींच्या आत्या का?"

"हो. तू कोण?"

"बारकू. पिकअप करायला आलोय."

"बरं झालं. चल."

बारकूनं आत्यांना उचललं. ज्वारीचं पोतं घेतात तसं खांद्यावर टाकलं आणि चालू लागला.

"अरे, हे काय करतोस?"

"पिकअप."

"खाली ठेव मला."

"घरी गेल्यावर."

रस्ता बाजारातून होता. भाजीवाल्या उठून उभ्या राहिल्या. एकीला वाटलं बाई बेशुद्ध पडलीय, म्हणून ती कांदा फोडून धावत आली आणि बारकूच्या मागून पळत पळत आत्यांच्या नाकाला कांदा लावत राहिली. अशी ही तिघं घरी पोचली.

वहिनीनं कपाळाला हात लावला. "अरे, आत्यांच्या बॅगा कुठे आहेत?"

"बॅगांचं तुम्ही काही बोलला नव्हता," बारकू म्हणाला.

आत्यांची कंबर धरली. त्या शेकाची पिशवी घेऊन पलंगावर आडव्या झाल्या. वहिनीनं बारकूला समोर बसवलं आणि सावकाश समजावलं, "पिकअप म्हणजे उचलायचं नाही. गाडी घेऊन जायचं, खाली मऊ काहीतरी घालायचं, नीट बसवायचं आणि हळूहळू घरी आणायचं. समजलं?"

"समजलं," बारकू म्हणाला.

दुसऱ्या दिवशी वहिनी अंघोळीला गेली होती. बाहेर ओट्यावर तिचा मोबाइल वाजायला लागला. वहिनी आतून म्हणाली, "बारकू, जरा फोन पिकअप कर."

"होय वहिनी."

बारकूला जीप चालवता येत नव्हती. त्यानं बैलगाडी जुंपली. गाडीत गवत पसरलं, गवतावर गोधडी घातली, गोधडीवर उशी ठेवली आणि उशीवर फोन ठेवला. मग तो निघाला. फोन तर घरीच होता. तो घरी आणायचा म्हणजे आधी बाहेर न्यायला हवा, एवढा विचार त्यानं स्वतःच्या डोक्यानं केला.

गाडी गावातून हळूहळू चालली होती. उशीवर फोन वाजत होता, थांबत होता आणि पुन्हा वाजत होता.

पारावरून कुणीतरी ओरडून विचारलं, "अरे बारकू, फोन वाजतोय. घे की."

"घेतलाय की, गाडीत," बारकू म्हणाला.

परत आला तेव्हा वहिनी ओले केस घेऊन दारात उभी होती. फोन करत होते वैजूचे होणारे सासरे, दादासाहेब शिंत्रे. माणूस तापट. त्यांनी शेवटी दिनकररावांना फोन लावून विचारलं, "तुमच्या घरी आमचा फोन उचलायचा नाही असं ठरलंय का?" दिनकररावांना त्याच दुपारी त्यांच्या गावी जाऊन, आग्रहाखातर श्रीखंडाच्या चार वाट्या खाऊन त्यांची समजूत काढावी लागली. दिनकररावांना श्रीखंड आवडत नसे.

वहिनीनं बारकूला पुन्हा समोर बसवलं. "पिकअप म्हणजे गाडीबिडी काही नाही. दोन्ही हातांनी नीट धरायचं, कानाला लावायचं आणि म्हणायचं, 'हॅलो, कोण बोलतंय?' समोरचा 'ठेवतो' म्हणेपर्यंत आपण ठेवायचं नाही. समजलं?"

"समजलं."

तिसऱ्या दिवशी वहिनी लग्नाच्या साड्यांत बुडालेली. तिची चार वर्षांची मुलगी मिनू अंगणवाडीत गेली होती. वहिनी साडीची घडी मोडता मोडता म्हणाली, "बारकू, मिनूला पिकअप कर."

बारकू अंगणवाडीत गेला. मिनू चप्पल घालत होती. बारकूनं तिला दोन्ही हातांनी नीट धरलं, उचललं आणि तिचं पोट आपल्या कानाला लावलं.

"हॅलो, कोण बोलतंय?"

"मी मिनू बोलतेय," मिनू म्हणाली. तिला हे फार आवडलं.

"बोला."

"आज आम्हाला खिचडी दिली. मी वाटाणे टाकून दिले."

"नीट ऐकू येत नाही. आत गुरगुर होतेय," बारकू म्हणाला. "ठेवता का?"

"नाही ठेवत," मिनू म्हणाली.

मग बारकू तरी काय करणार? तो तसाच उभा राहिला. मिनूनं सगळी बाराखडी म्हणून दाखवली. एक लांबलचक गोष्ट सांगितली, तिच्यात ससा होता आणि रोड रोलर होता. अंगणवाडीच्या बाई खोली झाडून, कुलूप लावून घरी गेल्या. शेवटी वहिनी शोधत आली, तेव्हा मिनू बारकूच्या कानावर झोपली होती.

"अरे, घरी का आणलं नाहीस?"

बारकू हळूच म्हणाला, "अजून ठेवते म्हणाली नाही."

वहिनी त्या दिवशी रागावलीसुद्धा नाही. एवढंच म्हणाली, "आजपासून कुठलाही माणूस कानाला लावायचा नाही."

"होय वहिनी."

पुढे जीप बिघडली. जीप चालत होती, पण चढ आला की म्हाताऱ्यासारखी कण्हायची. दिनकरराव तिला हुसेनभाई मिस्त्रीकडे घेऊन गेले आणि ढकलायला बारकूला बरोबर नेलं. हुसेनभाईंनी बॉनेट उघडून कान दिला आणि म्हणाले, "मालक, पिकअप घेत नाही गाडी."

बारकूचे कान टवकारले. "मग काय करायचं, हुसेनभाई?"

"काही नाही. आत तेल घालायचं. मग मागून दणकून ढकलायचं. एकदा पळायला लागली की सोडून द्यायचं, आपोआप जाते."

"समजलं," बारकू म्हणाला. यावेळी त्याला कुणी विचारलंही नव्हतं.

दोन दिवसांनी वहिनी स्वयंपाकघरात दिनकररावांना सांगत होती, "आत्यांना इतके दिवस झाले, पण तब्येत काही पिकअप घेत नाही हो."

बारकू दारातच होता. त्याला वाईट वाटलं. आत्यांची कंबर त्याच्यामुळेच तर धरली होती. आता आपल्याला उपाय माहीत आहे, तर गप्प बसणं बरं नाही. त्यानं फडताळातून एरंडेलाची बाटली काढली आणि आत्यांच्या खोलीत गेला.

"आत्या, तोंड उघडा. औषध आहे."

आत्यांना वाटलं वहिनीनं पाठवलंय. त्यांनी तोंड उघडलं. बारकूनं तेल घातलं. गाडीला लागतं तेवढं घातलं. मग त्यांना अंगणात नेऊन उभं केलं, मागे गेला आणि दणकून ढकललं.

आत्या पळायला लागल्या. आधी ढकलल्यामुळे पळाल्या, मग मागे बारकू दिसला म्हणून पळाल्या, आणि वेशीपाशी पोचल्यावर एरंडेलामुळे पळाल्या. कंबर धरलेली होती ते त्या साफ विसरल्या. पुण्याची गाडी लागलेली होती, तीत त्या चढल्या त्या उतरल्याच नाहीत. पहिल्या थांब्यापर्यंत त्यांचं काय झालं ते कंडक्टरलाच ठाऊक.

"आत्या कुठे आहेत?" वहिनीनं विचारलं.

"पिकअप घेतला," बारकू म्हणाला. त्याचा चेहरा समाधानानं फुलला होता.

त्या दिवशी वहिनी देवासमोर बसून म्हणाली, की हा शब्द मी पुन्हा उच्चारणार नाही. पण जिभेला लागलेली सवय अशी सुटते थोडीच.

लग्नाचा दिवस उजाडला. अंगणात मांडव पडला. शिंत्र्यांचं वऱ्हाड आदल्या दिवशीच आलं होतं. नवरदेवाला मात्र पोस्टातली रजा आयत्या वेळी मिळाली, त्यामुळे तो लग्नाच्या दिवशी सकाळच्या एस.टी.नं एकटा येणार होता.

बारकू पहाटेच उठून बाजारातून दूध आणायला गेला. चहाच्या गाड्यावर हवालदार खिलारे बसले होते. ते चहावाल्याला सांगत होते, "काल दोन कोंबडीचोर पिकअप केले."

बारकू थबकला. "हवालदारसाहेब, पिकअप म्हणजे नक्की काय करता तुम्ही?"

असं कुणी आदरानं विचारलं की खिलारेंना बरं वाटे. त्यांनी बशी खाली ठेवली. "हे बघ. माणसाशी गोड बोलायचं. गाडीत बसवायचं. मोबाइल काढून घ्यायचा आणि बंद करायचा. मग एका खोलीत घालायचं आणि बाहेरून कडी. फौजदारसाहेब येईपर्यंत कुणाला पत्ता लागू द्यायचा नाही."

"कुणालाच?"

"सख्ख्या बापालासुद्धा नाही."

बारकूला हलकं वाटलं. आजवर ज्यानं त्यानं वेगळंच सांगितलं होतं. पण हा सरकारी माणूस. आता शंका राहिली नाही.

घरी आला तर वहिनी त्याचीच वाट बघत होती. जीप भटजींना आणायला गेली होती. बैलगाडीला झेंडूच्या माळा बांधून ठेवल्या होत्या.

"बारकू, तू एकटाच मोकळा आहेस. स्टँडवरून नवरदेवाला पिकअप..." वहिनीनं जीभ चावली, पण उशीर झाला होता. मग तिनं ठरवलं, की परीक्षा घेऊनच पाठवायचं.

"खांद्यावर टाकणार?"

"नाही."

"कानाला लावणार?"

"नाही."

"तेल पाजणार? ढकलणार?"

"नाही वहिनी. गोड बोलायचं, गाडीत बसवायचं आणि आणायचं."

वहिनीच्या डोळ्यांत पाणी आलं. "शाबास, बारकू. जा."

आणल्यावर काय करणार, हे विचारायचं तिच्या ध्यानातच आलं नाही.

प्रल्हाद शिंत्रे एस.टी.तून उतरला. हातात सूटकेस, डोक्याला फेटा. बारकू त्याच्यासमोर जाऊन उभा राहिला. आता गोड बोलायचं होतं. बारकूनं थोडा विचार केला आणि म्हणाला, "पेढा."

"काय?" प्रल्हाद म्हणाला.

"पेढा. बसा."

प्रल्हाद बसला. बारकूनं हात पुढे केला आणि त्याचा मोबाइल मागितला. प्रल्हाद भिडस्त माणूस, त्यानं दिला. मोबाइल बंद कसा करतात ते बारकूला माहीत नव्हतं. गाडीत बैलांसाठी पाण्याची बादली होती, तीत त्यानं तो टाकला. मोबाइल बंद झाला.

गाडी मांडवाकडे वळली नाही. ती मळ्याकडे गेली. मळ्यात कडब्याची खोली होती. बारकूनं प्रल्हादला आत बसवलं, खाली कडबा सारखा केला आणि बाहेरून कडी लावली.

प्रल्हाद ओरडला नाही. त्याच्या चुलतभावाच्या लग्नात नवरीकडच्यांनी नवऱ्याचे जोडे लपवले होते. त्याला वाटलं, इकडे नवराच लपवत असतील. नव्या सासरी पहिल्याच दिवशी आपण त्यांच्या रीतीला नावं ठेवणं बरं दिसत नाही.

थोड्या वेळानं बारकू खिडकीपाशी दशम्या आणि चटणी घेऊन आला.

"अजून किती वेळ बसायचं?" प्रल्हादनं विचारलं.

"साहेब येईपर्यंत."

"कोण साहेब?"

"मोठे साहेब."

प्रल्हादला वाटलं, नवरीचे मामा असतील. तो दशमी खाऊ लागला.

मांडवात मुहूर्त जवळ आला. भटजी दोनदा घसा खाकरून झाले. मंगलाष्टकं म्हणणाऱ्या बायकांनी कागद उघडून तयार ठेवले होते. नवरदेवाचा पत्ता नव्हता. फोन लावला तर बंद.

वहिनी धावत आली. "बारकू, नवरदेव आले होते ना रे गाडीनं?"

"आले."

"मग कुठे आहेत?"

"सांगता येत नाही."

"म्हणजे मध्येच कुठे उतरून गेले की काय?"

"सांगता येत नाही," बारकू पुन्हा म्हणाला. आणि ते खरंच होतं.

मग दादासाहेब शिंत्रे स्वतः आले. लालबुंद झाले होते. "माझ्या मुलाला तूच घेऊन आलास ना? कुठे आहे तो?"

"तुम्ही त्यांचे कोण?"

"बाप आहे मी त्याचा."

"सख्खे?"

"सख्खा."

"मग तर नाहीच सांगता येत," बारकू म्हणाला.

दादासाहेब दिनकररावांकडे वळले. दिनकरराव म्हणाले, "त्याचं मनावर घेऊ नका. तो भोळा आहे." पाहुण्यांत कुजबुज सुरू झाली होती. मुलीचंच काहीतरी असणार, हे तिसरं, असं एक बाई दुसरीला म्हणाली, आणि ते वैजूच्या खोलीपर्यंत ऐकू गेलं.

बारकू पाण्याचा हंडा घेऊन त्या खोलीवरून चालला होता. वैजू शालू नेसून एकटीच बसली होती. तिनं कपाळाच्या मुंडावळ्या सोडल्या आणि शेजारी ठेवून दिल्या. रडत नव्हती. बारकूला दारात बघून ती म्हणाली, "बारकू, तू रस्त्यानं त्यांच्याशी बोललास ना? मी नको असं काही म्हणाले का ते?"

"नाही ताई. तसं काहीच बोलले नाहीत. गोड बोलायचं काम माझं होतं."

वैजूला काही कळलं नाही. बारकू मात्र पेचात पडला. एका बाजूला हवालदारांचा शब्द, एका बाजूला ताई. त्यानं हंडा तिथेच ठेवला आणि रस्त्यावर जाऊन फौजदारसाहेबांची जीप दिसते का ते बघत उभा राहिला. जीप दिसेना. इतका वाईट वेळ त्यानं आयुष्यात काढला नव्हता.

मुहूर्त टळला. दादासाहेब वऱ्हाड परत न्यायचं म्हणू लागले. दिनकररावांनी त्यांचे हात धरले आणि मागे वळून म्हणाले, "बारकू, पळत जा. चौकीत जाऊन फौजदारसाहेबांना सांग, आमचा नवरदेव हरवलाय."

फौजदारसाहेबांचं नाव ऐकलं आणि बारकू असा धावला, की मांडवाचा एक खांब त्याच्याबरोबर थोडा लांब गेला.

चौकीत फौजदार भोईटे जेवणाचा डबा उघडत होते. शेजारी हवालदार खिलारे उभे होते.

"साहेब, आमचा नवरदेव हरवलाय."

भोईटेंनी डबा बंद केला. "शेवटी कुठे दिसला?"

"आमच्या कडब्याच्या खोलीत."

"कुणाला दिसला?"

"मला."

"काय करत होता?"

"दशमी खात होता."

"तिथून कुठे गेला?"

"कुठे जाईल? बाहेरून कडी आहे."

"कडी कुणी लावली?"

"मी."

भोईटेंनी डबा बाजूला सारला. "मग तो हरवला कसा?"

"ते मालकांना ठाऊक. त्यांनी चौकीत सांग म्हटलं, म्हणून सांगितलं."

"अरे, पण नवरदेव कुठे आहे ते घरी का सांगितलं नाहीस?"

"कसं सांगणार?" बारकू म्हणाला. "तुम्ही आला नव्हता ना. आम्ही सकाळपासून तुमचीच वाट बघतोय."

भोईटेंनी खिलारेंकडे बघितलं. खिलारे छताच्या पंख्याकडे बघत होते. पंखा बंद होता.

फौजदारांची जीप मळ्यात आली. पाठोपाठ सगळं वऱ्हाडही आलं. कडी काढली तेव्हा प्रल्हाद पोटभर खाऊन कडब्यावर गाढ झोपला होता. दार उघडलेलं बघून तो उठला, फेटा सारखा केला आणि भोईटेंच्या पाया पडला. "नमस्कार करतो, मामा," तो म्हणाला. "तुमच्याकडची रीत जरा मोठी आहे, पण छान आहे."

दादासाहेबांनी आरडाओरडा करायला तोंड उघडलं होतं. पण मुलगाच तक्रार करत नाही म्हटल्यावर त्यांना ते तसंच मिटावं लागलं. भटजींनी पंचांग चाळून गोरज मुहूर्त काढून दिला. संध्याकाळी अंतरपाट धरला, तेव्हा प्रल्हादच्या फेट्यातून कडब्याची दोन धाटं वर आलेली होती. अंतरपाट खाली गेला, वैजूनं ती बघितली आणि तिला असं हसू फुटलं, की हार घालायला तिला बराच वेळ लागला.

पंगती बसल्या. फौजदारांना आग्रहानं मधल्या पाटावर बसवलं होतं. बारकू बुंदी वाढत वाढत त्यांच्यापाशी आला. त्यानं ताटात चांगली मूठभर जास्त वाढली, खाली वाकला आणि चारचौघांत त्यांचा अपमान नको म्हणून अगदी हळू आवाजात म्हणाला, "साहेब, आज झालं ते झालं, मी कुणाला बोलत नाही. पण पुढच्या लग्नाला तेवढं वेळेवर या."